सेट वाजतो आहे

७ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. केस पांढरे झालेल्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना मला दरवेळी हसू यायचं. या खेपेला आलं नाही.

मी सुखरूप पोचले. कुंड्यांना शेजारणीने इतकं पाणी घातलं होतं की झाडं पोहत होती. तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही, कारण तुझ्या एका कानाने केव्हाच राजीनामा दिला आहे आणि दुसरा मनात येईल तेव्हा कामावर येतो. म्हणून हे पत्र. जपून ठेवू नकोस, पण वाच.

तुझ्या अँजिओप्लास्टीचा दिवस मी विसरणार नाही. बाहेर तुझी बायको आणि मी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि आत तू टक्क जागा. मनगटातून तार घालून डॉक्टर तुझ्या हृदयापर्यंत पोचले होते, आणि तू त्यांना त्यांच्या पडद्यावरचं चित्र फिकट असल्याचं सांगत होतास. सगळं आटोपल्यावर त्यांनीच मला हे सांगितलं, आणि वर हसले. मी हसले नाही. शिडीवर चढताना छातीत कळ येऊन खाली बसलेला माणूस आठ दिवसांनी पडदे दुरुस्त करायला निघतो, यात हसण्यासारखं काय आहे?

आणि ते तुमचे वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब. तुला बघायला आले की स्वतःला दाखवायला, ते मला अजून कळलं नाही. त्यांच्या हृदयात तीन स्टेंट आहेत, तुझ्या एकच, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर काय ती कीव. छातीवर पदकं लावावीत तसे ते आपले स्टेंट मिरवतात. मी चहा दिला तो मुद्दाम गार करून दिला.

डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस, कारण तेव्हा तुझा कान रजेवर होता. मी ऐकलं, म्हणून लिहिते. स्टेंट म्हणजे तारेची बारीक जाळी. जिथे नळी अरुंद झाली होती तिथे ती उघडी धरून ठेवते, बस. आजार त्या एका जागेचा नाही, सगळ्या नळ्यांचा आहे, आणि तो कुठेही गेलेला नाही. जाळी शरीराला परकी. तिच्यावर आतून अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी धरायची भीती असते. ती धरू नये म्हणून दोन गोळ्या आहेत. एक बहुधा जन्मभराची, दुसरी डॉक्टर सांगतील तोवर. एक दिवसही चुकवायची नाही. दात काढायचा झाला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. सिगारेट बंद, चालणं सुरू.

तू मान डोलावलीस. तुझी मान मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेतून आले की बूटही न काढता मी तुझ्या टेबलाशी यायची. बाबांचा रेडिओ पोट फाडून पडलेला, खोलीभर डाख लावताना उठणारा राळेचा धूर, आणि आई हाका मारते आहे. तू अशीच मान डोलवायचास आणि जागचा हलायचा नाहीस. तो वास मला अजून कुठे आला की मी उगाच थांबते.

पुरे. बायकोला त्रास देऊ नकोस. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर ठरेल.

तुझी
ताई


११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, प्रत्येक अक्षर कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांच्या धाकात उभं असल्यासारखं. मी ठणठणीत आहे. दुकान उघडतो, चालतो, सिगारेट सुटली. (बायकोला विचारू नकोस, तिला खरं वाटत नाही.)

आता तुझ्या डॉक्टरांबद्दल. एवढ्या शिकलेल्या माणसाने माझ्या हातात गोळ्यांची ही रास दिली आणि कोणती कशाला, ते एका दमात सांगून दुसऱ्या पेशंटकडे वळला. आमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात असं कुणी केलं तर गिऱ्हाईक परत येत नाही. सेट बिघडला म्हणून हाताला येतील ते सगळे पार्ट बदलणाऱ्याला आम्ही मेकॅनिक म्हणत नाही, त्याला काय म्हणतो ते तुला लिहीत नाही.

मी माझ्या पद्धतीने गेलो. तुला माहीत आहे, कोणता पार्ट कामाचा आणि कोणता नुसता जागा अडवून बसलाय हे कळायचा एकच प्रामाणिक मार्ग असतो. एकेक सुटा करायचा आणि ऐकायचं. आवाज गेला, की तो कामाचा. नाही गेला, की फेकून द्या. मी आयुष्यभर हेच केलं आणि माझ्या हातचा सेट कधी परत आला नाही.

तर पहिली सुटी केली ती तुझी ती लाडकी, गुठळीवाली, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीची. कारण तिचा तोटा डोळ्यांना दिसत होता. पक्कड जरा लागली तरी हातावर निळा डाग, दाढी करताना कापलं तर रक्त थांबेना. आणि फायदा? काहीच जाणवत नव्हता. गेल्या महिन्याच्या शेवटी बंद केली. डाग गेले. छातीत काही नाही, दम लागत नाही, झोप उत्तम. सेट वाजतो आहे ताई, आणि आधीपेक्षा स्वच्छ वाजतो आहे. आता एप्रिलमध्ये दुसरी सुटी करणार.

बायकोला मी डॉक्टरांनीच कमी केली म्हणून सांगितलंय. उगाच तिचं तोंड कशाला सुरू करा. वरच्या साहेबांना मात्र पद्धत सांगितली, ते फार प्रभावित झाले.

तुझ्या गुडघ्यांना नमस्कार. मोठ्या बहिणीने माया कमी करू नये, एवढी विनंती.

तुझा
खटपट्या


१५ मार्च, कुरियरने

ती. वन्सं,

नमस्कार. परवा यांच्या पत्रातलं सांगायला तुमचा फोन आला तेव्हा मला सगळं कळलं. डॉक्टरांनीच एक गोळी कमी केली म्हणून मला यांनी सरळ सरळ फसवलं. रोज जेवण झालं की मी पाण्याचा पेला पुढे करायची, हे उरलेल्या गोळ्या तोंडात टाकायचे, आणि मी समाधानाने भांडी उचलायची.

मी लगेच हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, घरी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण आजच घेऊन या. मध्येच छातीत दुखलं, घाम फुटला, तर वाट बघू नका, अँब्युलन्स बोलवा. मी हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून यांच्यासमोर धरलं. यांनी वाचलं आणि म्हणाले, बायकांनी मिळून कट केलाय.

परवापासून हे दुकानात जाऊन बसतात. शटर अर्धं खाली. मी गेले तर कानाचं यंत्र काढून खिशात टाकतात. मुलीशीही बोलून झालं, तिला म्हणाले की माझ्या पद्धतीत चूक कुठे आहे ते कुणीतरी दाखवा, मी आत्ता येतो. डॉक्टर घाबरवतो, तुझी आई रडते, पण चूक कुणी दाखवत नाही. मग मला म्हणाले, ताईला लिही. तिने दाखवली तर मानीन. पण तिच्या हातची हवी, तुमच्या कुणाच्या अक्षरातली नको.

वन्सं, मला त्या तारा-बिरांतलं काही कळत नाही. हे जिना चढायला लागले की मी खाली उभी राहून पावलं ऐकते. तुम्ही काहीतरी लिहा. रागावलात तरी चालेल. तुमच्या रागालाच हे थोडेफार भितात.

तुमचीच,
वहिनी


१६ मार्च, कुरियरने

खटपट्या,

आज 'चिरंजीव' लिहीत नाही. तो शब्द माणसाने थोडा स्वतःही कमवायचा असतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझ्या बायकोला फोन केला, दुसऱ्यांदा लाज वाटली. तुला चूक दाखवून हवी आहे. मला वाटलं होतं मला इथल्या डॉक्टरांकडे जाऊन काहीतरी अवघड शिकून यावं लागेल. गरज पडली नाही. तुझं अज्ञान वैद्यकशास्त्रातलं नाहीच. तू तुझाच धंदा विसरला आहेस.

तो बेकरीवाला आठवतो? मी तुझ्या दुकानात स्टुलावर बसून पेपर तपासत होते. त्याने सेट आणला, तू मागचं झाकण उघडलंस आणि तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं आत साप निघाला. फ्यूज काढून टाकलेला, आणि त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातल्या चकचकीत कागदाची चांदी गुंडाळून बसवलेली. बेकरीवाला म्हणाला, सारखा उडायचा म्हणून काढला, आता काही त्रास नाही, सेट वाजतो आहे.

गिऱ्हाइकावर आवाज चढवताना मी तुला तेवढंच एकदा पाहिलं. ती चांदी तू रस्त्यावर भिरकावलीस. म्हणालास, वाजतोय हे मला सांगू नका, फ्यूज वाजण्यासाठी नसतो. तो काढला तर सेट वाजणारच. ज्या दिवशी त्याचं काम पडेल त्या दिवशी तो तिथे नसेल, एवढंच होईल, आणि त्या दिवशी तुम्हाला दुरुस्तीला काही उरणार नाही. तो हसला आणि सेट उचलून घेऊन गेला. पुढे त्याच्या दुकानातली काळी झालेली भिंत तू मला मुद्दाम नेऊन दाखवलीस. केवढा ताठ चालत होतास त्या दिवशी. मला तुझा अभिमान वाटला होता, म्हणून लक्षात राहिलं.

तुझी पद्धत आवाज देणारे पार्ट ओळखायला ठीक आहे. ज्या पार्टचं कामच गप्प बसणं आहे, तो सुटा करून तू कान लावून काय ऐकत होतास? तेही असल्या कानांनी. गुठळी आधी निरोप पाठवत नाही. तुला बरं वाटतं आहे, हा पुरावा नाही. बेकरीवाल्यालाही बरंच वाटत होतं. निळे डाग पडत होते, रक्त थांबत नव्हतं, तर ते डॉक्टरांना सांगायचं होतं. त्यावर तेही काही करू शकले असते. पण तुला विचारायचं नव्हतं, तुला शहाणं ठरायचं होतं, आणि तेही वरच्या मजल्यावरच्या त्या पदकवाल्यापुढे.

मी तुझ्यावर फार वेळा रागावले आहे, पण तुला क्षुद्र कधी समजले नव्हते. आज समजते आहे. ज्या बाईने रोज पाण्याचा पेला पुढे केला तिला फसवून तू आपल्या छातीत सिगारेटची चांदी बसवलीस.

हे वाचून झालं की शटर पूर्ण खाली ओढ आणि तिच्याबरोबर हॉस्पिटलात जा. उत्तर नंतर लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मी दाराकडे तोंड करूनच बसणार आहे.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

सा. न.

पत्र दुकानातच मिळालं. बेकरीवाल्यापर्यंत आलो आणि पुढचं वाचायच्या आधी शटर ओढलं. बाकीचं रिक्षात वाचलं. बायको शेजारी बसून माझं मनगट धरून होती, जणू मी उडी मारणार आहे.

डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. नशीब, असं ते म्हणाले. त्या शब्दाची मला चीड आहे, तुला माहीत आहे. चांगली दुरुस्ती झाली म्हणायच्या जागी लोक नशीब म्हणतात. पण या खेपेला तो बरोबर होता. गोळी पुन्हा सुरू झाली, पहिल्या दिवशी जास्तीची, तीही त्यांच्यासमोर. डागांचं सांगितलं, तर म्हणाले, हे मला महिन्यापूर्वी सांगायला काय झालं होतं? पक्कड वापरताना हातमोजे घाला आणि दाढीला मशीन आणा, इतकं साधं. दुकानात अशी मशिनं चार पडली आहेत. एकही आठवलं नव्हतं.

वरचे साहेब संध्याकाळी आले होते. माझी पद्धत त्यांना फारच पटली होती म्हणे, उद्यापासून तेही सुरू करणार होते. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, पदकांची ओळ सोडून. चहा न घेता गेले. बायको म्हणते, पहिल्यांदाच.

ती माझ्याशी अजून मोजकंच बोलते. पेला पुढे करते आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत उभी राहते. बघू दे.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला? खरं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, ओळखीचा एक मेकॅनिक आहे. ते म्हणाले, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मी हो म्हणालो. पण ताई, जाणार कुठे, राहतो त्याच्याच घरात. तेवढं त्याच्यावर लक्ष ठेव.

माया आहे तशीच राहू दे. 'चिरंजीव' पुन्हा लिहायला लागलीस तर बरं वाटेल.

तुझा
खटपट्या