खुर्चीला रिलीव्हर

ती. गिरजाआत्या यांना,

सप्रेम जयभीम. तुमच्या गुडघ्याचं पुढे विचारते. आधी जे घडलं ते क्रमाने.

१. कंपनीने पुण्याचं ऑफिस बंद केलं. डिझाइनची आणि कोडची अख्खी टीम आता कायम घरून काम करते.
२. बुधवारी व्हिडिओवर मीटिंग चालू असताना मी पाणी प्यायला उठले.
३. परत आले तर माझ्या खुर्चीत बाबा.

बाबांचा जन्म पोलाद कारखान्याच्या भट्टीवर गेला. तिथला नियम तुम्हाला माहीत आहे (त्यांचे डबे तुम्हीच भरलेत): शिफ्ट संपली तरी रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. माझी रिकामी खुर्ची त्यांना बघवली नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट होता (एवढा वेळ मी गेले नव्हते, म्हणजे ते तयारीतच असावेत). मॅनेजर पुंडलिक सरांनी विचारलं, "काका, संघमित्रा कुठे?"

"पानी प्याले गेली. मी रिलीव्हर आहो." आणि रीतीप्रमाणे चार्जही दिला: "पोरगी सकाळपासून बसून आहे. ते प्रेरणा नोकरी सोडून गेली तवापासून दोघींचं काम एकटीच करून राहिली. तुमच्याकडं मानसं नाहीत का, साहेब?"

कोणी हसलं नाही. हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. माइक बंद ठेवून माहीत होतं.

शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. माणूस मिळाला नाही. नियम मिळाला: सोमवारपर्यंत बंद होणाऱ्या दाराची स्वतंत्र खोली दाखवा, नाहीतर राजीनामा द्या. पावर हाउस वस्तीतल्या आमच्या घराला दारं दोनच, एक रस्त्याचं आणि एक संडासाचं. (दुसरं अजून कंपनीला कळवलेलं नाही.)

तुम्ही नातेवाइकांत सांगता, "संघमित्रा घरीच असते, रिकामी." त्याच हिशेबाने मला भर मीटिंगमधून बँकेत आणि दवाखान्यात बोलावता. तक्रार नाही. नोंद आहे.

गुडघा कसा आहे? जिना चढवत नसेल.

तुमची,
संघमित्रा

ता. क. जिना चढवत नसेल, तर तुमचा नरेशदादा रायपूरला राहायला गेल्यापासून नेहरू नगरची तुमची वरची खोली बंदच असणार. तिला दार आहे, कडीही आहे. ती मला दिवसा हवी आहे.

ता. क. २. बाबांना मी बोलले, पुन्हा माझ्या खुर्चीत बसायचं नाही. तेव्हापासून ते दिवसभर बाहेर पायरीवर बसतात, इस्त्रीच्या शर्टात. त्यामुळे खोलीत खुर्च्या दोन लागतील. रविवारपर्यंत उत्तर द्यावं.