सरकारी हातोडा आमच्याकडे आहे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवून गेलास तेव्हा तुझा सरकारी हातोडा आमच्या सोफ्याखाली राहिला. त्यानंतर घरात जे झाले ते तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. प्रकृती ठीक असेल. हातोडा हरवला की अधिकारी निलंबित होतो हे तूच जेवताना तोऱ्यात सांगितले होतेस, तेव्हा झोपेबद्दल विचारत नाही. (माझ्या भावजयीला तू काही सांगितले नसशील, असे धरून चालते.)

हातोडा सापडला तुझ्या भावोजींना. भिंतीत एक खिळा ठोकायचा, असे ते निवृत्त झाल्यापासून म्हणत होते. खिळा वाकला. दोष कोणाचा हे ठरवायला त्यांनी हातोडा स्वयंपाकघराच्या दारावर मारून पाहिला आणि त्याच्या तोंडावर कोरलेला तुझ्या वनखात्याचा ठसा दारावर स्वच्छ उमटला. त्यांना तो इतका आवडला की मी बाजारातून येईपर्यंत कपाट, स्टूल, खुर्च्या आणि शेजाऱ्यांचे फाटक हे सगळे जंगलातून रीतसर तोडून आणलेले लाकूड होऊन बसले होते. शेजारी भांडायला आले, आणि ठशाशिवाय लाकूड वनखात्याच्या तपासणी नाक्यावरून पुढे जात नाही हे आठवताच घरी जाऊन मुलीच्या सासरी पाठवायचा पलंग घेऊन आले. मी पलंग परत पाठवला. भावोजींना गच्चीवर पाठवले.

पण बातमी फुटली होती. संध्याकाळी तुझा तो जाडा ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन आला आणि मला ताई म्हणू लागला. मी त्याची ताई नाही. मी परवाना मागितला. परवाना वाऱ्याने पडलेल्या झाडांचा होता आणि बाहेर ट्रकमधल्या ओंडक्यांवर करवतीचे ताजे काप होते, डिंकही सुकला नव्हता. (वनस्पतिशास्त्राची पदवी वाया गेली असे आई शेवटपर्यंत म्हणायची. आई हवी होती त्या वेळी.) ‘वारा फार धारदार होता वाटतं,’ एवढेच मी बोलले. तो गेला. पुडा त्याच्याबरोबर गेला, हे भावोजींना अजून पटलेले नाही.

सगळ्यात शेवटी शिडीवाली आली, सासऱ्यांना घेऊन. तिला माझ्या हातून ठसा मारून नको होता. ‘हातोडा इथं आहे, मग साहेब कुठं आहेत?’ एवढेच तिने विचारले. तिला नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यातलीच पडलेली झाडे तिने उचलली, शुल्क भरले, लाकूड तुझ्या खात्याच्या डेपोवर आणून टाकले. ठसा मारायला तू दरवेळी तारीख देतोस आणि दरवेळी दौऱ्यावर असतोस. लाकडावर आता अळंबी उगवली आहेत. आणखी थोडे दिवस गेले तर त्याच्या शिड्या होणार नाहीत, आणि शिड्या झाल्या नाहीत तर तिच्या घरी दुसरे काही विकायला नाही. ‘साहेब आमच्या लाकडाला भितात काय?’ असे सासऱ्यांनी विचारले. ती म्हणाली, ‘मामंजी, गप बसा. बहीण आहे त्यांची.’

हातोडा माझ्या हातातच होता. मी तो मारला नाही. तो अधिकार तुझा आहे, आणि कामही तुझेच.

बाकी सर्व क्षेम. भावोजी दार घासत आहेत. ठसा निघत नाही.

तुझी,
ताई

ता. क. शुक्रवारी सकाळी डेपोवर ये. हातोडा मी तिथे, शिडीवालीच्या लाकडासमोर, तुझ्या हातात देईन. आधी लाकूड नीट तपास. खोट निघाली तर ठसा मारू नकोस, पण तसे तिला तोंडावर सांग. खोट नसेल तर माझ्यादेखत मार.

पुन्हा ता. क. त्या दिवशी दौरा निघाला तर कळव. मी हातोडा घेऊन तुझ्या वरिष्ठांकडे जाईन. बहीण म्हणून नाही, सापडलेली वस्तू जमा करणारी नागरिक म्हणून.

हे पत्र नेणाऱ्या तुझ्या शिपायाच्या हाती दिले: हातोड्याची चामडी पिशवी, एक. रिकामी.