डावीकडची वाट आणि भरमा

अनगोळ, बेळगाव
रविवार

तीर्थस्वरूप मालूआक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो (मनातनंच, वाकायला अजून डॉक्टरांची परवानगी नाही). तुझी शुगर, निपाणीचा उकाडा आणि तुझी सून, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

माझ्या खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. हाड जुळलं, पण भ्या काही जाईना. कॅम्पातल्या उतारावर स्कूटर घसरली तो आवाज अजून कानात आहे. डॉक्टर म्हणतात चाला, आणि मी पलंगापासून न्हाणीपर्यंत जाऊन परत. मच्छे गावच्या कारखान्यात तीस वर्षं दिवसभर उभा राहिलेला फोरमन मी, पण उंबरा ओलांडायचा म्हटलं की तळपायाला घाम फुटायचा.

शेवटी रचनानं (तुझी भाचेसून, दिवसभर माडीवर बसून ऑफिसचं काम करते) टीव्हीला एक खेळ जोडून दिला. मी विचारलं, ह्यात मारायचं कुणाला?

"कुणालाच न्हाय, मामंजी. नुसतं चालायचं."

"आणि हरलं तर?"

"हरताच येत न्हाय."

आक्का, असला खेळ उभ्या जन्मात ऐकलायस? समुद्रातलं एक ओसाड बेट. कळ पुढं ढकलली की आपण चालतो, पावलाखाली खडी वाजते. पडक्या घरात शिरावं, कुणाची तरी चिठ्ठी पडलेली असते ती वाचावी, बाहेर येऊन हलणारं गवत बघत राहावं. बस्स. पहिल्या दिवशी जांभया दिल्या. दुसऱ्या दिवशी फाटक उघडं राहिलं म्हणून मागं जाऊन लावून आलो (गुरं शिरतील म्हणून, बेटावर गुरं नाहीत). तिसऱ्या दिवशी जेवायला हाक आली तर म्हणालो, टेकडीवर पोचलो की येतो! कुणी मागं लागलेलं नाही, कुठं वेळेत पोचायचं नाही. जन्मभर भोंग्यावर चाललेल्या माणसाला ह्यात काय सुख मिळतं, ते मी तुला पत्रात कसं सांगू?

मग आमचा भरमा आला (कारखान्यात माझ्याबरोबर लेथ मशीनवर होता तो, चार गल्ल्या पलीकडचा). तासभर बघत बसला आणि म्हणाला, "खून कवा हुतोय रं?" मी म्हटलं, होत नाही. "मग बघतोयस काय?" असं म्हणून गेला, आणि दुसऱ्या दिवशी जेवण आटपून पुन्हा हजर. पंधरा दिवस आम्ही जोडीनं फिरलो. बुधवारी एक दुवाटा लागला. भरमा म्हणाला उजवीकडं, मी म्हणालो डावीकडं. कळ माझ्या हातात, म्हणून डावीकडं वळलो. "चाळीस वर्षांत कवा माझं ऐकलंयस?" म्हणून भरमा जो गेला, तो फोनसुद्धा उचलेना.

शुक्रवारी ती वाट एका दीपगृहावर गेली. वर चढलो तर सगळं बेट खाली, आम्ही दोघं हिंडलेली एकेक पायवाट दिसत होती. आणि शेजारची खुर्ची रिकामी. तसाच उठलो. भरमाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

बेटावरच्या सवयीनं थांबत, बघत गेलो. ह्याच गल्लीतनं जन्मभर स्कूटर उडवली, पण कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर गवंड्यानं स्वतःचं नाव कोरलंय हे परवा कळलं. एका दारावर खडूनं कन्नडात लिहिलं होतं, दूध नको, गावाला गेलोय. उभं राहून दोनदा वाचलं, आणि त्या अनोळखी माणसांची थोडी काळजीही केली.

भरमाच्या बायकोनं दार उघडलं. "चालत आलासा व्हय, भावजी?" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, आणि मग दाराची चौकट घट्ट धरली. भरमा बाहेर आला, डोळे पुसले (धूर झालाय म्हणाला, गॅसची शेगडी आहे), आणि विचारलं काय, तर "डावीकडं काय हुतं?"

तुझा धाकटा,
महादेव

ता. क. : जाताना दार सताड उघडं टाकलं आणि रचनाला सांगितलं नाही. ती मीटिंगमधनं खाली आली तर टीव्ही चालू, सासरा गायब. बिचारी रडत गल्लोगल्ली हिंडली. दोन दिवस मुकाट्यानं ताट वाढते आहे. खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र. चार दिवस ये आणि मध्यस्थी कर.

दुसरं ता. क. : पाकीट चिकटवायला दिलं तर तिनं सगळं वाचून काढलं. म्हणते, आत्याबाईंना मध्यस्थीला नको, राहायला बोलवा. उद्यापासून संध्याकाळी तीही माझ्याबरोबर फिरायला येणार. ह्या नोकरीपायी दोन-दोन आठवडे ती फाटकाबाहेर पडत नाही म्हणे. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. तू येच. साडी कुठलीही चालेल, चपला मात्र चालायच्या आण.