मधलं नाव

छत्रपती संभाजीनगर
१८ एप्रिल

चि. सायलीस,

आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. प्रणयची परीक्षा संपत आली असेल. त्याला म्हणावं, आजीनं यंदा कुरडया केल्यात, त्यातल्या पांढऱ्याशुभ्र तेवढ्या त्याच्यासाठी बाजूला काढल्यात.

पत्र बघून दचकू नको. फोन करता आला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि तिथं सगळेच असतात. शिवाय फोनवर तू मधेच "आई, राहू दे" म्हणतेस.

इथं ऊन फार आहे. पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. तुझ्या वहिनीकडं, ज्ञानेश्वरीकडं, लग्नसराईमुळं ब्लाउज शिवायला पडलेत, मान वर करायला तिला वेळ नाही. माझ्या उजव्या मनगटात कळ येते, म्हणून अक्षर वाकडं आलंय. वाचून घे.

परवा एक मुलगी आली होती, सोनिया नावाची. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा. वय झालेल्या बायकांवर काय गुन्हे होतात, त्या पोलिसांकडं जातात का, गेल्यावर पोलीस काय करतात, याची पाहणी करत होती. शेजारच्या केसरबाई लगेच दारात. "काय गं, अनुदान आलंय का कशाचं? माझं बी नाव घाल."

"अनुदान नाही आजी, प्रश्न विचारायचेत."

"मग राहू दे बाई. प्रश्न घरीच ढीगभर हायेत."

सोनिया म्हणाली, मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय. पण आपल्याकडं आल्यागेल्याला एकटं कोण सोडतं? ज्ञानेश्वरी मशीन थांबवून चहा घेऊन समोरच बसली. मग मीच म्हटलं, वर कुरडया वाळत घातल्यात, कावळे टपलेत, चल पोरी गच्चीवर.

वर गेल्यावर तिनं विचारलं, कुणी गळ्यातलं ओढून नेलं का? म्हटलं, माझ्या गळ्यात तुळशीची माळ, तिला कोण ओढतंय? ती हसली. मग विचारलं, वर्षभरात कुणी मारलं, ढकललं, हात पिरगळला, धमकी दिली? बाहेरच्यानं, ओळखीच्यानं, नाहीतर घरातल्यानं?

मी नाही म्हटलं.

तिनं पानं उलटली. एकदम चार-पाच. म्हटलं, एवढी कोरीच सोडली? म्हणाली, "ते पुढचे प्रश्न 'हो' म्हणणाऱ्यांसाठी असतात आजी."

तुला माहीत आहे, छापलेलं दिसलं की मला राहवत नाही. तुझे अण्णा गुलमंडीतल्या दुकानातून कापड गुंडाळलेले कागद घरी आणायचे, त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. मी म्हटलं, बघू दे. तिनं दिलं. तिथं लिहिलं होतं, पोलिसांकडं गेला नसाल तर का नाही? खाली कारणं छापलेली. भीती वाटली. पोलीस काही करणार नाहीत असं वाटलं. घरातली बाब आहे. कुणीतरी थांबवलं.

सायली, मला वाटायचं माझं कारण माझ्या एकटीचं आहे. मी तोंड उघडायच्या आधीच ते तिथं छापलेलं होतं. म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणींनी सांगितलं असणार, म्हणून तर छापलं.

त्यातली दोन कारणं माझी. शेवटचं कारण तू आहेस. दिवाळीत माझा गाल सुजलेला होता, तू हळद लावलीस आणि म्हणालीस, "आई, बाहेर बोलू नको. दादावर केस झाली तर भाऊबीजेला मी कुठं यायचं?" तुला दोष देत नाही. तू माहेर सांभाळत होतीस.

मी सोनियाला म्हटलं, मागचं पान काढ. आणि सांगितलं. आता तुलाही सांगते, कारण हे तुला माहीत नाही. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तुझ्या दादानं, अजिनाथनं, घराचे कागद आणले, म्हणाला इथं सही कर. मी म्हटलं, वाचून करते. "मला अडाणी समजतीस का? माझ्यावर भरवसा नाय?" म्हटलं, भरवसा आहे, पण वाचून करते. त्यानं माझा हात धरून कागदावर दाबला. मी ओढला तर पिरगळला. ज्ञानेश्वरी मशीन चालवत राहिली. तिचंही काही चालत नसेल.

सोनियानं शेवटी विचारलं, दुसऱ्या एखाद्या बाईला असं झालं तर तुम्ही तिला तक्रार करायला सांगाल का? मी म्हटलं, सांगेन की. लगेच म्हटलं. तिनं खूण केली आणि मी कुरडयांकडं बघत बसले.

"हे तू पोलिसांना सांगशील का गं?"

"नाही आजी. आम्ही फक्त मोजतो. जायचं तर तुम्हालाच जावं लागेल."

काल मी पोलीस ठाण्यात गेले. केसरबाईंना सोबत घेतलं. त्या म्हणाल्या, "येते, पण मी तोंड उघडणार नाय. नुसती बसते." अमलदार माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. विचारलं, कुणी मारलं? पूर्ण नाव सांगा.

मी म्हटलं, अजिनाथ.

"पुढं?"

पुढं तुझ्या अण्णांचं नाव. ते मी आयुष्यात कधी तोंडानं घेतलं नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं तेवढंच. दवाखान्यात, बँकेत तुम्ही पोरं सांगायचात. जीभ उचलेना. अमलदारानं वाट पाहिली, मग पेन खाली ठेवलं. "आजी, लेकराचं नाव निघत नाय ना तोंडातून? माय ती मायच. जा घरी. मी फोनवर समज देतो त्याला."

त्याला अजिनाथचा नंबर देऊन मी उठून आले. वाटेत केसरबाई म्हणाल्या, "अगं, लिहून तरी द्यायचं!" मला सुचलंच नाही.

त्या अमलदाराच्या लेखी मी मायेनं परत फिरले. पोराचं नाव तर मी न अडखळता घेतलं होतं, सायली.

संध्याकाळी अजिनाथला फोन आला. नुसतं "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत होता. मग माझ्या पुढ्यातलं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आणखी एकदा जाऊन बघ." मी उपाशी झोपले, त्याचं काही नाही. पण लहानपणी घास भरवल्याशिवाय हा जेवायचा नाही, ते आठवत राहिलं.

सोमवारी मी परत जाणार आहे. दादाचा तुला फोन येईल. म्हणेल, आईला आवर. या वेळी मला थांबवू नको, एवढंच मागते. यायचं असेल तर ये, नाही आलीस तरी रागावणार नाही. भाऊबीजेचं मला काही सांगता येत नाही. मी कुठं राहणार आणि तू मला भेटायला कुठं यायचं तेही अजून ठरलेलं नाही. ठरलं की कळवीन.

आज सकाळी घरात कुणी नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून मी ते नाव घेतलं. आधी पुटपुटले, मग मोठ्यानं. त्रिंबक. ते असताना एकदा तरी अशी हाक मारायला हवी होती, असं वाटलं. हसले असते. जन्मभर जपलेलं नाव पहिल्यांदा मोकळं घेतलं, ते त्यांच्याच लेकाच्या नावाला जोडून ठाण्यात सांगायला.

पत्र केसरबाई पेटीत टाकतील. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव.

तुझी आई,
राजाबाई त्रिंबक औताडे