पेरूच्या पानांचा वास

कामोठे, गुरुवार संध्याकाळ

सकाळी सेक्रेटरीकाकांशी हुज्जत घातली. सोसायटीतल्या पेरूवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड पसरलीय, तिचा चिकटा त्यांच्या गाडीवर गळतो. मी म्हणालो, फवारणी नको. मोबाईलवर वाचलंय, कीड रस शोषायला लागली की झाड वेगळा वास सोडतं आणि त्या वासावर कीड खाणारे ठिपक्यांचे भुंगेरे येतात.

"भुंगेरे काय पोलिसांचे कुत्रे आहेत?" काका हसले. "रविवारपर्यंत बघतो. नाहीतर झाडच तोडतो."

झाड मावशीने लावलेलं, आणि मी मावशीकडेच राहतो.

दिवसभर झाडाखालीच बसलो. नोकरीचं विचारायला पनवेलला जायचं होतं, ते राहिलंच. एकही भुंगेरा नाही. वाचलं ते खोटं होतं का? शेवटी स्वतःच पान हुंगलं. फिनाईल. खोडालाही फिनाईल.

"मीच मारते रोज फिनाईलचं पाणी," मावशी म्हणाली. "कीड पळते ना त्याने."

"मग भुंगेऱ्यांना झाडाचा वास कसा यायचा, मावशी?"

तिने बादली माझ्या हातात दिली. "धू आता तूच. झाड गेलं तर तूही दुसरं घर बघ."

साध्या पाण्याने खोड धुतलं, हात पोचला तेवढी पानं धुतली. परत हुंगलं.

अजून फिनाईलच.