बाग साफ करा

३ मार्च, सोमवार

पडले! चालताना नाही, बसल्या जागी पडले. बाकड्याची फळी मधोमध मोडली आणि मी खाचेत अडकले, पाय वर. दोन कॉलेजच्या पोरी हसत हसत उचलायला आल्या. हसा म्हटलं, पण उचला आधी.

डॉक्टर म्हणतो रोज बागेत जा, चाला, थोडं बसा. चालू कुठे? फरश्या उचकटल्यात. बसू कुठे? एक बाकडं धड होतं, ते आज मी मोडलं. नळाला चार वर्षं पाणी नाही. झोपाळ्याची एकच साखळी उरलीय. संडासाला कुलूप. पाटी मात्र नवीकोरी! दरवर्षी बागखात्याची माणसं येतात, पाटी रंगवतात आणि जातात. फुले तोडू नयेत. गवतावर बसू नये. थुंकू नये. अरे मेल्यांनो, फुलं कुठायत तोडायला?

मागे कोपऱ्यात चार पावलांचं हिरवं दिसलं, तिथे जाऊन टेकले. तर एक बाई बादली घेऊन धावत आली आणि माझ्यावर ओरडली — "बसू नये!"

मला! तीस वर्षं येते मी या बागेत. म्हटलं, तू कोण गं मला सांगणारी? तर पुन्हा तेच. "बसू नये!" आणि हाताने उठ, उठ.

उठले. पण तळपायाची आग मस्तकात गेली.

४ मार्च, मंगळवार

कंबर धरली. दिवसभर पडून बागखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

६ मार्च, गुरुवार

बादलीवालीचा पत्ता लागला. बाहेरची आहे. कुठली ते इमारतीत कोणालाच धड सांगता येत नाही, पण बाहेरची एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक. बागेच्या मागे माळ्याची खोली आहे, तिथे राहते. माळी चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला, दुसरा नेमलाच नाही. नवरा लांब कुठेतरी पुलाच्या कामावर, महिन्यातून एकदा येतो. सहा-सात वर्षांची मुलगी आहे.

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाला, "काकू, बघितलंत ना बाकडं? या लोकांनी बागेची वाट लावली."

मी म्हटलं, "बाकडं मी मोडलं. वजन माझं होतं."

"तसं नाही हो, एकंदरीत."

एकंदरीत! ज्याला नेमकं काही सांगता येत नाही त्याला एकंदरीत बरं पडतं. नळ आटला तेव्हा ही बाई इथे होती का? झोपाळा तुटला तेव्हा होती का? उलट आज मी मुद्दाम तासभर उभी राहून बघितलं. धोब्याच्या दुकानामागच्या नळावरून ती बादल्या भरून आणते. बावीस बादल्या. कोपऱ्यातलं ते हिरवं तिनेच लावलंय. मी त्यावरच बूड टेकवलं होतं.

तरी ओरडायचं काय कारण? नीट सांगता येत नाही का!

९ मार्च, रविवार

नाही येत. आज कळलं.

तिची मुलगी पाटीपुढे उभी राहून एकेक अक्षर लावत होती, मोठ्याने. आई बादली खाली ठेवून तिच्या मागून म्हणत होती. आपली भाषा त्या दोघी पाटीवरून शिकल्यात! दुसरं शिकवणार कोण? म्हणून तिला जेवढं येतं तेवढं सगळं "नये" मध्ये येतं. मला वाटलं उद्धट आहे. बिचारीच्या तोंडात खात्याने दुसरा शब्दच घातलेला नाही.

मीही तिसरीपर्यंतच. नंतर काजं-बटणं करता करता दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर टिकवलं. पण माझ्या पाट्यांवर "या, बसा" तरी लिहिलेलं असायचं.

तेवढ्यात सेक्रेटरी फेरी मारत आला. फाटकाशी थांबून भिंतीवर पचकन थुंकला. ही बादली घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी — "थुंकू नये!"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी एवढी हसले की कंबर पुन्हा धरली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हसताय काय काकू? उद्या तुमच्या घरात शिरतील." मी म्हटलं, "शिरले तर तुम्हाला बोलावते. थुंकायला."

११ मार्च, मंगळवार

तिच्या खोलीचं छप्पर बघितलं. एक पत्रा निम्मा उडालाय, वर दगड ठेवलाय. तो दगड कधी पोरीच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. मी बोट दाखवलं तर ती म्हणाली, "पडू नये." म्हटलं हो बाई, पडू नये.

१२ मार्च, बुधवार

अर्ज लिहिला! दीड तास लागला. मुलगा म्हणाला, "आई, फोनवर तक्रार करता येते, मी करतो." करतो, करतो म्हणून वर्ष झालं. सून म्हणाली, निदान मला वाचून तरी दाखवा. नाही दाखवला. हसेल माझ्या अक्षराला. पाकीट चिकटवलं आणि स्वतः बागखात्याच्या कचेरीत नेऊन दिलं.

काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणायला नको.

बागखात्याचे साहेब यांस. बाग साफ करा. म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा उरली नाही. मागच्या खोलीचं पण बघा, तिथे बाहेरची बाई आणि मुलगी राहते. लवकर करा.

थोडक्यात आणि सडेतोड. कारकून म्हणाला, "आजी, छान लिहिलंय." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

२० मार्च, गुरुवार

आले! गाडी घेऊन आले, चार माणसं. मला वाटलं पत्रा आणला. हातात कागद होता फक्त. तो खोलीच्या दारावर चिकटवला आणि गेले. बाकड्याकडे बघितलं नाही, नळाकडे नाही, झोपाळ्याकडे नाही.

बादलीवालीने मला हाताला धरून दाराशी नेलं. वाच म्हणून खूण केली. मी वाचला. नागरिकांच्या लेखी तक्रारीवरून ही खोली ३१ मार्चपर्यंत रिकामी करावी. न केल्यास सामान जप्त करण्यात येईल.

मोठे शब्द तिला कळेनात. मी सामानाकडे बोट केलं, मग फाटकाकडे. ती बघत राहिली. मग हळू विचारलं —

"राहू नये?"

नागरिक कोण हे मला विचारायला लागलंच नाही. बाग साफ करा. मागच्या खोलीचं पण बघा. बघितलं त्यांनी. चांगलं बघून घेतलं.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मी लिहिलं. दोनदा सांगितलं. हवेत लिहून दाखवलं. तिला कळलं. हातातली भरलेली बादली तिने माझ्या पायांवर ओतली, ओंजळभर पाणी म्हणून ठेवलं नाही. आणि आत जाऊन दार लावलं.

ओल्या चपलांनी घरी आले. सुनेने विचारलं काय झालं. म्हटलं, पाऊस.

२१ मार्च, शुक्रवार

कचेरी. कारकुनाने फाईल काढली. माझाच अर्ज, माझीच वाकडी अक्षरं. "साफ" खाली लाल रेघ. "बाहेरची बाई" खाली दोन लाल रेघा. बाकड्याखाली, म्हणजे "बसायला जागा" खाली, काही नाही.

मी म्हटलं, "साफ म्हणजे झाडलोट! खोलीचं बघा म्हणजे छप्पर बघा!"

"मग तसं लिहायचं ना आजी."

"अर्ज परत द्या."

"अर्ज पुढे जातो. मागे येत नाही."

"मग दुसरा घ्या. त्या बाईला राहू द्या म्हणून."

"तो घेतो की. त्याला आठ महिने लागतील."

हाकलायला आठ दिवस आणि ठेवायला आठ महिने! हे मी तिथेच ओरडले. रांगेतले सगळे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "ताई, तब्येतीला जपा." त्यालाही झापलं. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

२२ मार्च, शनिवार

गेले होते. दार उघडलं नाही. आतून पोरीचा आवाज येत होता. पाटी म्हणत होती.

२४ मार्च, सोमवार

जेवताना मुलाशी वाजलं.

तो म्हणाला, "आई, तू उगाच जिवाला लावून घेतेस. नियमाने बघितलं तर ती खोली तिची नाहीच."

मी म्हटलं, "नियमाने बघितलं तर माळी कुठाय? नळ कुठाय? सगळे नियम त्या एका बाईलाच लावायचे?"

"पण या लोकांना इथे बोलावलं कोणी?"

"तुला या घरात कोणी बोलावलं होतं? तीन पोरांनंतर पुरे म्हटलं होतं मी. आलास ना?"

सुनेला ठसका लागला. हा चिडला. म्हणाला, "मस्करी नको. सगळ्यांनाच घ्यायचं म्हटलं तर आपल्याला जागा उरेल का?" त्याचंही अगदीच खोटं नाही. त्याच्या कारखान्यात माणसं कमी केलीत, तो धास्तावलाय, मला कळतं. पण सगळे कुठे आलेत? एक बाई आलीय, एक पोर आलीय. आणि जी बाग आपल्यापैकी एकानेही चार वर्षांत शिंपली नाही ती शिंपतेय. धास्ती आहे तर ज्याने माणसं काढली त्या मालकापुढे जा आणि विचार. तिथे याचा आवाज निघत नाही. माझ्यापुढे निघतो.

हे शेवटचं बोलले नाही. इथे लिहितेय.

२६ मार्च, बुधवार

पुन्हा कचेरी. तिथेच बसून राहिले. जेवणाची सुट्टी झाली तरी हलले नाही. शेवटी कारकून वैतागला, खणातून एक फॉर्म काढून म्हणाला, "हे घ्या. बाग दत्तक घ्या आणि मला मोकळं करा."

म्हटलं, "पोर दत्तक घेतात. बाग कशी घेणार?"

खरंच तशी योजना आहे! चार वर्षं कोणी फॉर्म नेला नाही म्हणून खणात चहाचे कप ठेवायला वापरतात, गोल डाग पडलेत. जो स्थानिक रहिवासी बाग दत्तक घेईल त्याने ती राखायची, आणि माळ्याची खोली त्याच्या ताब्यात. वर कोणाची मंजुरी लागत नाही, फॉर्म दिला की लगेच किल्ली. पण एक अट आहे. खोलीत त्याने स्वतः राहिलं पाहिजे. दुसऱ्याला देता येत नाही. आणि वय सत्तरच्या वर असेल तर घरातल्या एका माणसाची संमतीची सही लागते.

माझं वय एकाहत्तर. एक वर्ष आधी बाकडं मोडायला काय झालं होतं?

कारकून हसत म्हणाला, "राहणार का आजी झोपडीत?" मी फॉर्म घेतला आणि निघाले.

२७ मार्च, गुरुवार

फॉर्म भरला, माझी सही केली. मुलाने सही केली नाही. वाचून संपवलाही नाही. "लोक म्हणतील आईला घराबाहेर काढलं." म्हटलं, लोक म्हणू देत. "म्हातारपणी डोकं फिरलंय तुझं." म्हटलं, असेल, पण अक्षर लागतं अजून. त्याने फॉर्म टेबलावर आपटला आणि कामाला गेला.

सून भांडी घासत होती. एकदाही वळून बघितलं नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या सदऱ्यांना काजं केली. कुठे जायचं, कुठे राहायचं हे एकदाही कोणी मला विचारलं नाही. आणि आज विचारायची वेळ आली तर सही दुसऱ्याची!

२८ मार्च, शुक्रवार

फॉर्म टेबलावर नाही. सुनेने फेकला असणार. विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं मलाच माहीत नाही.

२९ मार्च, शनिवार

बादलीवाली सामान बांधतेय. दोन बोचकी. तरी सकाळी बावीस बादल्या घातल्या. लांबून मोजल्या. कोणासाठी घालतेस गं बये!

३१ मार्च, सोमवार

सुनेने फेकला नव्हता. सही करून शुक्रवारीच कचेरीत देऊन आली, आज किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "आई, तुमचे कपडे पिशवीत भरलेत." मी गेलेली तिला हवीच असेल कदाचित. असो. सही तर केली.

गाडी आली. चार माणसांना किल्ली आणि कागद दाखवला. "आणि या दोघी?" माझ्या पाहुण्या, म्हटलं. गेले.

ती अजून माझ्याशी बोललेली नाही. पण एक बोचकं सोडलं, आणि माझी चटई टाकायला कोपरा झाडून दिला.

संध्याकाळी मुलगा आला. दारात उभा राहून म्हणाला, "आई, घरी चल."

म्हटलं, आत ये. चपला बाहेर काढ, तिने आत्ताच झाडलंय.