कडुनिंबावरचा भोंगा

पुणे,
१६ जून २०२४

ती. रेणुताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. पोस्टमनच्या घरात वाढलेल्या माणसाला महत्त्वाचं काही सांगायचं असलं की कागदच लागतो. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

बाबा डिसेंबरात माझ्याकडे येऊन गेले, तेव्हाची एक गोष्ट मनातून जात नाही. माझी गाणी ऐकायची खोली तू पाहिली आहेस. भिंतींना जाड कापड, मधोमध एकच खुर्ची, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. त्या खुर्चीवर बाबांना बसवलं आणि माझ्याकडचं सगळ्यात चांगलं ते ऐकवलं. तबल्यावरून बोट सरकतं तेसुद्धा ऐकू येत होतं. बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, जिंकली बाजी. मग त्यांनी किंमत विचारली. मी निम्मीच सांगितली, तरी ते हसले. म्हणाले की एवढ्यात तं आपल्या विहाराले दुसरा मजला झाला असता, आणि विहारापुढच्या कडुनिंबावरचा भोंगाही हेच काम करते, आवाज माणसाचा असते, डब्ब्याचा नाही.

ताई, लोक मला वेड्यात काढतात ते मी हसून सोडून देतो. ऑफिसातले तर आव्हानच देतात, की डोळे बांधून महागातला आणि स्वस्तातला फरक ओळखून दाखव. पण बाबा स्वतः गाणारे. त्यांना तरी फरक कळायला हवा होता, आणि तो कळला नाही हे मला फार लागलं.

म्हणून ठरवलंय. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. मग तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वाचन, वंदना आणि शेवटी बाबांचं गाणं. त्याआधी विहारासाठी नवा संच पाठवतोय. स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि एक परदेशी माइक, सगळं माझ्याकडच्या तोडीचं. बाबांनी स्वतःचा आवाज एकदा नीट ऐकावा आणि म्हणावं की पोरानं पैसे वाया घातले नाहीत. मला तेवढंच हवंय. तुझ्यापासून लपवत नाही.

आईला जयभीम सांग. तुझी माया आहेच, या खेपेला थोडी माझी बाजूही घे.

तुझा धाकटा,
प्रसेनजित


उंद्री,
२७ जून २०२४

चि. प्रसेनजित यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र दारात बाबांनीच घेतलं. पाकीट हातावर तोललं आणि म्हणाले की लंबं लिवलं म्हंजे पोरगं भांडून राह्यलं दिसते. जुनी सवय, वजनावरून मजकूर ओळखतात.

इकडे सोयाबीन पेरून झालंय. आईचा गुडघा जिन्याशी बोलत नाही, बाकी ती खणखणीत आहे. माझी शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी छताचं पाणी माझ्याच टेबलावर. तुझी ती खोली आठवली. मागे मी तुझ्याकडे एक वायर ओलांडली, तेव्हा तू असा ओरडलास की मला वाटलं साप निघाला. नंतर कळलं की साप स्वस्त पडला असता.

आता थट्टा पुरे. प्रसेनजित, बाबांचा आवाज गेला आहे. वरचा सूर लागत नाही. ओळ संपायच्या आत दम संपतो. कवळी बसवल्यापासून शब्दाशब्दाला शिट्टी वाजते. घरात जवळ बसलं की सगळं कळतं. पण भोंग्यात सरपंचाचाही आवाज फाटतो आणि शाळेतल्या पोरांचाही फाटतो, त्यामुळे बाबांचा वेगळा कळत नाही. गाव भोंग्याला नावं ठेवतं, बाबांना नाही. बाबांनाही वाटतं की भोंगा जुना झाला. पुंजाजीकाका पेटी धरतात, बाबा गातात, आणि वावरातून परतणाऱ्या बायका घटकाभर थांबून ऐकतात. त्या एका गाण्यासाठी बाबा दुपारपासून गरम पाणी पीत बसतात. तेवढ्यावरच त्यांचा दिवस उभा आहे.

हे असंच राहू दे. विहाराला काही द्यायचंच असेल तर पंखे दे. मोठ्या बहिणीचं एवढं एक ऐक, मग वर्षभर ऐकलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
रेणुताई


पुणे,
४ जुलै २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. रागावू नकोस, पण तुझं मला पटलं नाही. कंदिलाच्या काचेला काजळी धरली म्हणून वात वाईट ठरत नाही. त्या आवाजावर मी मोठा झालो. चिखलीहून सायकलनं परतताना गाव दिसायच्या आधी बाबांचं गाणं ऐकू यायचं. तो आवाज असा कुठे जात नाही.

तू म्हणशील मी त्यांचं गाणं समोर बसून कधी ऐकलं. खरंय, नोकरी लागल्यापासून नाही ऐकलं. पण मला आवाजातलं कळतं. चांगलं यंत्र आवाजात नसलेलं काही घालत नाही आणि असलेलं काही लपवत नाही. पैसे त्याचेच तर मोजायचे असतात. आणि खरं सांगू का, तू सतत त्यांच्याजवळ असतेस, म्हणून त्यांचं म्हातारपणच तुला आधी दिसतं.

विहार समितीचे अध्यक्ष धम्मरत्नकाका यांच्याशी बोललो. ते फार खूश आहेत. माणसं येऊन सगळं बसवून देतील. बाबांच्या कानावर आधी काही घालू नकोस, त्यांचा तो क्षण मला बिघडवायचा नाही.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल, पण पत्राचं उत्तर देत जा.

तुझा,
प्रसेनजित


उंद्री,
११ ऑगस्ट २०२४

चि. प्रसेनजित यास,
आशीर्वाद व जयभीम.

संच आला, बसला, आणि उत्तम आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मी आकसानं लिहिलं असं तुला वाटणार नाही. कडुनिंबावरचा भोंगा समितीनं त्याच दिवशी उतरवून भंगारवाल्याला दिला.

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. वंदना सगळ्यांनी मिळून म्हटली, ती छान झाली. मग बाबा माइकसमोर बसले. नवा सदरा घातला होता. त्यांनी श्वास घेतला आणि आधी तो श्वासच सगळ्या विहारात ऐकू आला. मग गाणं. सूर शोधताना होणारी थरथर, कवळीची शिट्टी, ओळ अर्ध्यात सोडून घेतलेला दम, तुझ्या माइकनं काहीच सोडलं नाही. पहिल्या कडव्यानंतर बाबांनी मान वळवून स्पीकरकडे पाहिलं, तिथून दुसरंच कुणी गातंय असं. मग समोर पाहिलं आणि राहिलेलं गाणं पुरं केलं. एकही ओळ गाळली नाही. मी तिथून उठून गेले असते तर बरं झालं असतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर आईनं त्यांची खरडपट्टी काढली असती आणि मोकळं झालं असतं. सगळे खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी पुंजाजीकाकांनी न विचारता पेटीवर खालचा सूर धरला. तो खालचा सूरही बाबांना लागला नाही, आणि तेही सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

त्याच आठवड्यात समितीनं बाबांचा सत्कार केला. शाल, गुच्छ, टाळ्या. धम्मरत्नकाका भाषणात म्हणाले की इंद्रभानजीनं लय वर्षं सेवा केली, आता त्याइले आराम पाहिजे. आपल्याकडे माणसाला गप्प करायचं असलं की शाल पांघरतात. आता धम्मरत्नकाकांची मंजुश्री गाते. पोरगी खरंच सुरेख गाते आणि तुझ्या संचावर तर सोनं वाटते. दुसऱ्या गल्लीतले लोक येऊन ऐकतात आणि तुझं नाव काढतात.

बाबा त्या वेळी घरी बसतात. गरम पाणी घेत नाहीत. बोलतात तेही इतकं हळू की आईनं विचारलं, काऊन असे बोलून राह्यले, घसा बसला का? स्वतःच्या घरात माणूस आवाज चोरून बोलतो आहे, प्रसेनजित. हे मी बघते, तू नाही.

तुला फरक सिद्ध करायचा होता ना? गावानं डोळे बांधायच्या आधीच ओळखला. झाले तुझे पैसे वसूल?

आज माया मागू नकोस. उरली की कळवीन.

रेणुका


पुणे,
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
जयभीम.

तुझं पत्र वाचलं. मला दोष दे, मी घेतो. पण यंत्राला देऊ नकोस, त्यानं त्याचं काम केलं.

यावर उपाय आहे. गाताना सूर सरळ करून देणारं एक यंत्र मिळतं. बाबा कसेही गायले तरी बाहेर सुरातच येईल, शिट्टीही कापता येते. मी मागवतो. धम्मरत्नकाकांना मी सांगेन, ते नाही म्हणणार नाहीत.

लगेच यायला जमत नाही, कामाचा ताण आहे. तोवर बाबांना माझ्या वतीनं एकच गोष्ट विचार, संच म्हणून तो त्यांना कसा वाटला. बाकी सगळं बाजूला ठेवून. मला माहीत आहे की हे विचारायची ही वेळ नाही. तरी विचार.

रागातही मला आपला म्हण.

प्रसेनजित


उंद्री,
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रसेनजित यास,
इंद्रभानचे आशीर्वाद व जयभीम.

जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाटली, एकही उघडून पाहिले नाही. या वेळी रेणुकाकडून तुझी पत्रे मागून घेतली. ती देत नव्हती. तिच्यावर रागावू नको.

वर्षावास संपला. खीर झाली. मंजुश्री गायली. मी मागे, लोक चपला काढतात तिथे बसून ऐकले.

सूर सरळ करणारे यंत्र पाठवू नको. त्यातून जो सुरात गाईल तो मी नसणार.

तू विचारलेस, संच कसा वाटला. चांगला आहे. पैसे वाया गेले नाहीत. भोंगा आणि तो सारखाच, असे मी म्हणालो होतो, ते माझे चुकले. तुला हे ऐकायचे होते, म्हणून स्पष्ट लिहितो. मला गावात कोणी सांगितले नाही. पुंजाजीने नाही, रेणुकाने नाही, तुझ्या आईने नाही. सगळ्यांना ठाऊक होते. मी समजत होतो की मी गातो आहे, आणि ही सगळी मला सांभाळून घेत होती. त्याचा मला राग आला. तो अजून गेला नाही. तुझ्या संचाने मात्र सांभाळून घेतले नाही.

आता एक माझ्या मनातले. पुण्याला तू मला त्या खुर्चीवर बसवलेस. कितीतरी गाणारे ऐकवलेस. मी डोळे मिटून बसलो होतो ते केवळ ऐकण्यासाठी नव्हे. वाटत होते, हे संपले की पोरगा म्हणेल, बाबा, आता तुम्ही एक म्हणा. मी मनात गाणेही ठरवून ठेवले होते. तू म्हणाला असतास तर माझा आवाज गेला हे मला तिथेच, तुझ्या तोंडावरून कळले असते. दार बंद होते. गोष्ट आपल्या दोघांत राहिली असती.

तू म्हणाला नाहीस. मग काहीतरी बोलायचे म्हणून मी किंमत विचारली.

आशीर्वाद आहेतच. फोन आईला करत जा, ती अजून मोठ्याने बोलते.

तुझे,
बाबा